हवेचा जमाखर्च आणि सामान्य माणूस

हवामानबदलाविषयी चार माणसांत बोलणे निघाले, की पाऊस कसा लहरी झाला, उन्हाळा कसा चढला, आंब्याचा मोहोर कसा करपला अशी वळणे घेत ते अखेर एका ठिकाणी येऊन थांबते आणि कोणीतरी विचारतो, ‘पण आपण एकट्याने करून करून काय करणार?’ हा प्रश्न आळसातून निघतो असे मानून त्याची बोळवण करणे अन्यायाचे आहे. ज्या जगात केवळ कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून दर वर्षी सुमारे 3,700 कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो, त्या जगात आपल्या माजघरातला एक दिवा मालवून काय साधणार, ही शंका हिशेबी माणसाला येणारच. आणि ज्याला ती येते त्याच्यापुढे उपदेश न करता जमाखर्चाची वही उघडून ठेवावी, हे मला अधिक सरळ वाटते.

शास्त्राचा भाग आता पुरेसा जुना झाला असल्याने त्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. कार्बन डायऑक्साइडने भरलेली काचेची नळी उन्हात ठेवली असता साध्या हवेच्या नळीपेक्षा ती अधिक तापते, हे अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी 1856 साली दाखवून दिले होते. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी 1896 मध्ये कागदावर आकडेमोड करून, हा वायू वाढला तर पृथ्वीचे तपमान किती चढेल याचा अदमास बांधला होता. आणि 1958 पासून हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर या वायूची जी अखंड नोंद ठेवली गेली आहे, तिच्यात आरंभी दशलक्ष भागांत सुमारे 315 भाग असलेला आकडा आज 420 च्या पलीकडे गेला आहे. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी तो 280 च्या आसपास होता. औद्योगिक युगापूर्वीच्या तपमानाशी तुलना करता दीड अंशाची मर्यादा ओलांडणारे पहिले वर्ष म्हणून 2024 ची नोंद झाली. हे सारे ज्ञात असताना आणि ज्ञात होऊन इतका काळ लोटला असताना, प्रश्न उरतो तो जबाबदारीच्या वाटणीचा.

ही वाटणी करताना ‘आपण सगळे दोषी’ असे म्हणून मोकळे होणे फार सोपे आणि फार अनुचित आहे. अमेरिकेतील एक माणूस सरासरीने वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, चीनमधील आठाच्या आसपास, जगातील सरासरी माणूस पावणेपाच टनांच्या आसपास आणि भारतीय माणूस सुमारे दोन टन. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 साली दिल्लीहून प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या पुस्तिकेत, जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांना एकाच तराजूत घालू नका, असा मुद्दा निक्षून मांडला होता; भाताच्या खाचरातून आणि गरिबाच्या गोठ्यातून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांच्या मोटारींतून निघणारा धूर यांची एकत्र बेरीज करणे हा त्यांच्या मते अन्यायच होता. तो मुद्दा आपल्या देशाच्या आतही तितकाच लागू आहे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याकडून किंवा ऊसतोडणीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाकडून या खात्यात वसूल करण्यासारखे काही नाही. उलट त्यांचेच येणे निघते. म्हणून पुढील विवेचनात ‘सामान्य माणूस’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आहे तो माझ्यासारखा नागर मध्यमवर्गीय: ज्याच्या घरी चार पंखे, एक शीतपेटी, बहुधा एक वातानुकूलक, दारात एक-दोन वाहने आहेत, आणि ज्याचा मुलगा किंवा मुलगी शहराबाहेर, क्वचित भारताबाहेरही, संसार थाटून राहिली आहे.

अशा माणसाला जी सूचनावली नित्य ऐकवली जाते, तिच्यात लहानमोठ्याचा विवेक क्वचित आढळतो. मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढून ठेवावा, ही सूचना मी असंख्य वेळा वाचली आहे. रिकाम्या चार्जरला वर्षभरात एक-दोन युनिट वीज लागते. आपल्या देशात वीज मुख्यतः कोळशावर होत असल्याने एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तरी ही बचत किलो-दीड किलोच्या वर जात नाही. आता याच घरातील छताच्या पंख्याकडे पाहा. जुना पंखा सुमारे 75 वॅट खातो, नव्या बीएलडीसी जातीचा 30 च्या आसपास. रोज बारा तास, वर्षातून नऊ महिने चालणारे चार पंखे बदलले, तर वर्षाला 580 युनिट, म्हणजे सुमारे 400 किलोंचा भार हलका होतो, आणि विजेच्या बिलातून पंख्याची किंमत काही वर्षांत परत मिळते. नोकरीच्या ठिकाणी रोज वीस किलोमीटर जाणेयेणे करणारा माणूस मोटारीत एकटा बसून गेला, तर वर्षाकाठी त्याच्या नावावर 900 किलो चढतात, दुचाकीवर 300, आणि भरलेल्या बसने गेला तर त्याहूनही बरेच कमी. मुंबईहून न्यूजर्सीला मुलाकडे जाऊन परत येणे झाले, की एका प्रवाशामागे दोन टनांच्या घरात आकडा जातो, म्हणजे सरासरी भारतीयाचे संबंध वर्ष एका तिकिटात खर्ची पडते.

हा शेवटचा आकडा लिहिताना माझा हात अडखळला. नातवाचे तोंड पाहायला निघालेल्या आजीला वायूचा हिशेब दाखवावा, इतके माझे मन कठोर नाही आणि तसे ते होऊही नये. पण दर वर्षी तीन आठवड्यांसाठी जाण्याऐवजी एक वर्षाआड जाऊन तीन महिने राहावे, लग्नकार्यासाठी देशातल्या देशात विमानाऐवजी रात्रीची रेल्वे धरावी, एवढा विचार तिकीट काढण्यापूर्वी करायला काय हरकत आहे? चार्जर काढून ठेवल्याचे समाधान घेऊन विमानात बसणारा माणूस खोटा नसतो; त्याला कोणी आकडे सांगितलेले नसतात, इतकेच.

आकड्यांच्या अज्ञानाचा एक प्रसंग मी अगदी जवळून पाहिला आहे, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. आमच्या शेजाऱ्यांना घरातील जुना वातानुकूलक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचा होता. आलेला मेकॅनिक तरतरीत होता, पण घाईत होता; बाल्कनीतल्या बाहेरच्या यंत्राला जोडलेल्या तांब्याच्या नळीचा नट त्याने पान्याने सैल केला आणि अर्धा-पाऊण मिनिट जोराचा फुसकारा उडाला. नळीवर पांढरे दव धरले, वास काही आला नाही, आणि ‘गॅस परत भरून देतो साहेब’ असे म्हणून तो पुढच्या कामाला लागला. त्या यंत्रावरच्या पट्टीवर आर-410ए असे छापलेले होते. त्या वायूचे किलोभर वजन हवेत गेले, तर शंभर वर्षांच्या मुदतीत त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकी होते. त्या अर्ध्या मिनिटाच्या फुसकाऱ्यात एका भारतीयाचे एक वर्ष निघून गेले होते, आणि बाल्कनीत उभ्या असलेल्या आम्हा तिघांपैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती. पुढे दुसऱ्या एका कारागिराने मला यंत्र सोडवण्याची योग्य रीत दाखवली: यंत्र चालू ठेवून प्रथम बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, सगळा वायू बाहेरच्या यंत्रात ओढला गेला की जाड नळीचा बंद करायचा, आणि मगच नळ्या सोडवायच्या. या धंद्यात त्याला ‘पंप डाऊन’ म्हणतात आणि त्याला काही मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. नव्या यंत्रांतील आर-32 वायू याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच घातक आहे, आणि आर-290, म्हणजे शुद्ध प्रोपेन, तर जवळजवळ निरुपद्रवी. 2016 च्या किगाली कराराला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली असून त्यानुसार या जातीच्या वायूंचा वापर आपल्याकडे 2028 पासून गोठवायचा आहे. परंतु करार किगालीत झाला तरी व्हॉल्व्ह बंद होणार तो आपल्या बाल्कनीतच, आणि मेकॅनिकला ‘आधी पंप डाऊन करा’ एवढे शब्द सांगण्यासाठी कोणत्याही सरकारी परवानगीची जरुरी नाही.

स्वयंपाकघरातही करण्यासारखे थोडेबहुत आहे. 14.2 किलोंच्या एका सिलिंडरमागे 40 किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे डाळ भिजवून कुकरमध्ये शिजवण्याची आपल्या आयांची सवय किती शहाणपणाची होती ते कळते. ओला कचरा कचराडेपोत दाबला गेला, की तो कुजून मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीसपट उष्णता धरतो. तोच कचरा गच्चीवरच्या टोपलीत खत झाला, तर हा मिथेन टळतो. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शिळेपाके, खराब धान्य, पेंड अशा पिष्टमय पदार्थांवर चालणारे घरगुती बायोगॅसचे छोटे संयंत्र तयार केले आणि त्यासाठी संस्थेला 2006 साली ॲशडेन पारितोषिक मिळाले. शेणाच्या संयंत्राला रोज पाट्या भरून शेण लागते, याला दोन-एक किलो खरकटे पुरते. झाडे लावण्याविषयी मात्र मला थोडे सावध बोलावेसे वाटते. चांगले वाढलेले एक झाड वर्षाला साधारण वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषते, म्हणजे त्या एका फुसकाऱ्याची भरपाई करायला शंभर झाडे वर्षभर जगली पाहिजेत. आणि पावसाळ्यात छायाचित्रासाठी लावलेल्या रोपांची पुढच्या वैशाखात काय अवस्था असते, ते रस्त्याकडेचे रिकामे खड्डे सांगतात. आहे ते झाड तोडू न देणे हे नवे लावण्यापेक्षा अवघड आहे आणि अधिक मोलाचे.

येथवरचा जमाखर्च एका घराचा झाला. पंखे, बस, वातानुकूलक आणि कचरा या सर्व बाबींत एखाद्या कुटुंबाने निष्ठेने लक्ष घातले, तर वर्षाला टन-दीड टन वाचणे अशक्य नाही. तरीही तेथेच थांबणे धोक्याचे आहे, आणि धोका असा की मोठ्या दोषींना तेच हवे असते. प्रत्येकाने आपापले ‘कार्बन पाऊल’ मोजावे ही कल्पना मुळात अभ्यासकांची असली, तरी ती घरोघर पोहोचवली ती बीपी (पूर्वीची ब्रिटिश पेट्रोलियम) या तेल कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात चालवलेल्या जाहिरातींनी. तेल उपसणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशेब विचारावा, यातला हेतू न समजण्याइतके आपण भोळे नसावे. मात्र त्यावरून घरचा हिशेब टाकून द्यावा, हेही मला पटत नाही. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या 2022 च्या अहवालात, लोकांच्या मागणीत आणि राहणीत बदल झाल्यास 2050 पर्यंत उत्सर्जन 40 ते 70 टक्के घटू शकते असे म्हटले आहे. पण त्याला योग्य धोरण, सोयी आणि साधने यांची जोड मिळाली पाहिजे, अशी अट तेथेच घातलेली आहे. बसने जा म्हणून सांगायचे, तर बस दर दहा मिनिटांनी आली पाहिजे. ती आणवणे एकट्याच्या हातात नाही, पण पन्नास जणांच्या सहीच्या अर्जाच्या हातात पुष्कळदा असते. माझ्या मते सामान्य माणसाची खरी शक्ती ठरावात आहे: चारचौघांनी एकत्र बसून, वाद घालून, वहीत लिहून आणि खाली सह्या करून घेतलेल्या निर्णयात.

या शक्तीची उदाहरणे शोधायला महाराष्ट्राला लांब जावे लागत नाही. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातील, हिवरे बाजार हे गाव वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे. पोपटराव पवार 1989 साली सरपंच झाल्यावर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली, शेतीसाठी विंधनविहिरी घ्यायच्या नाहीत असे ठरवले, उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य केली, आणि दर वर्षी पडलेला पाऊस मोजून गावात किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायची प्रथा घातली. त्या ताळेबंदावरून यंदा कोणते पीक घ्यायचे ते ठरते. पावसाचा भरवसा उरलेला नसताना पावसाचा हिशेब ठेवणे, याहून सयुक्तिक अशी बदलत्या हवामानाची तयारी मला दुसरी माहीत नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड वस्तीत ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्यात चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी उजाड डोंगर राखून त्यावर शेकडो हेक्टरांचे जंगल पुन्हा उभे केले. या तीन गावांपैकी एकाचीही सुरुवात हवामानबदलाच्या चिंतेतून झालेली नव्हती. पाणी, जळण आणि बांबू या त्यांच्या रोजच्या निकडी होत्या. कर्ब त्या जंगलांत साठला तो ओघाने.

शहरातील माणसाला ग्रामसभा नाही, ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच खरी. पुणे महानगरपालिका 2006-07 पासून आपल्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवते. बसथांब्याचे छप्पर, पदपथ, सायकलींचा तळ अशा गोष्टी तेथे एका साध्या अर्जाने सुचवता येतात. एखादा मोठा कारखाना, खाण किंवा वीज प्रकल्प यायचा असेल, तर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे बहुतेक मोठ्या प्रकल्पांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या देखरेखीखाली जनसुनावणी घ्यावी लागते, तिची नोटीस निदान तीस दिवस आधी प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. मी अशा एका सुनावणीला मागील बाकावर बसलो होतो. मांडव मोठा होता, आणि बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्या दोन शेतकऱ्यांनी सारांश वाचून, पान क्रमांक सांगून प्रश्न विचारले, त्यांची प्रत्येक ओळ कारकुनाला इतिवृत्तात घ्यावी लागली. आणि इतिवृत्तात आलेला प्रश्न पुढे न्यायालयातही उभा राहू शकतो. नेदरलँड्समध्ये अर्जेंडा या संस्थेने 886 नागरिकांना बरोबर घेऊन सरकारवर दावा लावला, 2015 साली जिल्हा न्यायालयात तो जिंकला आणि 2019 च्या डिसेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. स्वित्झर्लंडमधील दोन हजारांवर वृद्ध स्त्रियांच्या संघटनेने, उष्म्याने आमच्या जिवाला धोका आहे असे सांगून केलेली फिर्याद युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 9 एप्रिल 2024 रोजी मान्य केली. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, माळढोक पक्ष्याच्या रक्षणाच्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या 14 व्या आणि 21 व्या अनुच्छेदांत अंतर्भूत असल्याचे सांगितले. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ज्यांनी हा पक्षी कधीकाळी पाहिला असेल, त्यांना या योगायोगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

उष्णतेपासून माणसे वाचवणे हेही याच कामात मोडते, आणि त्याचा विसर आपल्याला फार पडतो. मे 2010 मध्ये अहमदाबादेत उष्णतेने घातलेल्या थैमानानंतर तेथील महानगरपालिकेने 2013 साली उष्णता कृती आराखडा तयार केला. त्यातील पुष्कळसे उपाय कोणालाही करता येण्याजोगे आहेत. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या छताला पांढरा चुना दिला, तर खालची खोली काही अंशांनी थंड राहते. बांधकामावरच्या मजुरांना दुपारी बारा ते चार सावलीत बसू देणे, दारात माठ ठेवणे, वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंची एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी चौकशी करणे, यांत कार्बनची बचत शून्य आहे. तरीही या यादीतून मी ही कामे कधी वगळणार नाही.

आमच्या चोवीस सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय पहिल्यांदा वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आला, तेव्हा तो बारा मिनिटांत नामंजूर झाला; गच्ची गळेल, वाळवणाला जागा उरणार नाही, पुढच्या कार्यकारी समितीने देखभाल केली नाही तर काय, असे आक्षेप निघाले आणि ते सगळेच गैरवाजवी नव्हते. दुसऱ्या वर्षी आम्ही काही जणांनी लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांची बारा महिन्यांची बिले एकत्र करून मांडली, दहा किलोवॅटला सुमारे हजार चौरस फूट लागतात हे गच्चीवर खडूने आखून दाखवले, वाळवणाची दक्षिणेकडची पट्टी मोकळी ठेवली, आणि केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान मिळते त्याचे परिपत्रक जोडले. तेव्हाही विषय तहकूब झाला. तिसऱ्या वर्षी, ज्यांनी गळतीचा आक्षेप घेतला होता तेच गृहस्थ अनुमोदक म्हणून उभे राहिले, मात्र त्यांनी दोन अटी घातल्या: बसवण्यापूर्वी गच्चीचे जलरोधन व्हावे, आणि देखभालीसाठी दर महिन्याला सदनिकेमागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात जमा व्हावी. दोन्ही अटी मंजूर झाल्या. सचिवांनी ठराव लिहून वाचून दाखवला, तेव्हा मी उठून एक पोटकलम सुचवले, की संस्थेच्या आवारात वातानुकूलक काढण्या-बसवण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक कारागिराकडून आधी पंप डाऊन करून घ्यावे. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. ज्यांच्या बाल्कनीत तो फुसकारा उडाला होता, त्या शेजाऱ्यांनी हात वर केला आणि ते कलम ठरावाखाली शाईने लिहिले गेले.